रिकाम्या रकान्याच्या बाई

पहिल्या दिवशी बाईंनी मला पाणी हवं का असं विचारलं आणि मी "चालेल" म्हणाले. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"चालेल म्हणजे हवं, की नको?"

"हवं."

"माठातलं की साधं?"

"कुठलंही."

"कुठलंही नावाचं पाणी माझ्याकडे नाही. माठातलं आहे आणि पिंपातलं आहे."

मार्च महिना होता. धसईहून मुरबाडपर्यंत एसटीत उभी आले होते, घसा कोरडा पडला होता. पण "माठातलं" हा शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत मला पाणी मिळालं नाही. मिळालं तेही अर्धा ग्लास की पूर्ण, हे ठरल्यावर. मी मनात म्हटलं, इथे आपलं काही जमायचं नाही. नोकरी मिळाली तर महिनाभर काढू आणि कल्याणला दुसरी बघू. त्या गोष्टीला आता सहा वर्षं होतील.

एसटी स्टँडच्या मागे, शेतीचे पाइप आणि फवारणीचे पंप विकणारं एक दुकान आहे, त्याच्या वर बाईंची खोली. तीन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, भिंतीवर दोन तालुक्यांचे नकाशे. मुरबाड आणि शहापूरकडच्या शाळा, भातगिरण्या, रस्त्यावरची हॉटेलं यांच्या वेबसाइट आम्ही बनवायचो. आम्ही म्हणजे बाई आणि मी. तिसरा कॉम्प्युटर आमच्यातला एखादा बिघडला तर हाताशी असावा म्हणून होता.

बाई तेव्हा साठीच्या आसपास असतील. उंच, सडसडीत, सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्न केलेलं नव्हतं. तरुणपणी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉल जोडायच्या. पुढे ऑपरेटरची जागा यंत्रांनी घेतली. बरोबरीच्या बायका दुसऱ्या टेबलांवर जाऊन बसल्या, बाईंना मात्र त्या यंत्राच्या पोटात नेमकं काय लिहिलेलं असतं ते बघायचं होतं. पन्नाशी ओलांडल्यावर त्या प्रोग्रॅम लिहायला शिकल्या, पुस्तकं आणून, एकट्याच. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि ही खोली उघडली. आवाज मात्र ऑपरेटरचाच राहिला. चढत नाही, उतरत नाही, प्रत्येक शब्द पूर्ण. रागावल्या की "कृपया" म्हणायच्या, आणि ते "कृपया" ऐकलं की मी हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघायचे.

त्यांचं वैर एकाच गोष्टीशी होतं, गृहीत धरण्याशी. खालच्या चहावाल्याने "नेहमीचाच ना?" असं विचारलं की त्या पहिल्यापासून सगळं सांगायच्या. एक चहा, साखर अर्धा चमचा, आलं नको, काचेच्या ग्लासात. चहावाला एकदा वैतागून म्हणाला, "बाई, एवढी वर्सं झाली, तुमचा चाय कधी बदलला नाय. कशाला रोज सांगता?"

"आज बदलला असता तर तुम्हाला कळलं असतं का?"

दुसऱ्या दिवसापासून चहावाल्याने विचारायला सुरुवात केली, आणि मला वाटतं त्याला त्यात मजाही येऊ लागली. "आज काय घेणार?" असं तो मलाही विचारायचा, जणू त्याच्याकडे चहाशिवाय आणखी काही होतं.

खोलीत एक जाड वही होती. त्या दिवशी आपण काय धरून चाललो आणि ते चुकीचं निघालं, ते त्यात ज्याचं त्याने लिहायचं. माझ्या पहिल्या महिन्याची पानं भरलेली आहेत. "शाळा शनिवारी अर्धा दिवस असते असं धरलं." "साहेब म्हणजे पुरुष असं धरलं." यावर बाई कधी काही बोलल्या नाहीत. फक्त अक्षर लागलं नाही तर विचारायच्या.

माझी खात्री होती की या स्वभावामागे काहीतरी घडलेलं असणार. ऑपरेटर असताना चुकीच्या घरी वाईट बातमी गेली असेल, कोणाची ताटातूट झाली असेल. दोन वर्षं मी ही गोष्ट मनात रंगवत होते. शेवटी एका दुपारी डबा खाताना धीर करून विचारलं, "बाई, तुमच्या हातून तेव्हा काही झालं होतं का?"

"कधी?"

"एक्स्चेंजमध्ये. कोणाचा कॉल वगैरे."

बाईंनी घास संपवला. "नाही. काहीच झालं नव्हतं. मी शाळेत असल्यापासून अशीच आहे. आईला माझा फार त्रास व्हायचा." मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "वहीत लिही."

माझ्या लग्नाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. मुलाकडची माणसं धसईला आमच्या घरी आली होती. मुलगा शहापूरजवळचा, भिवंडीच्या एका गोदामात सुपरवायझर. माझ्या वडिलांनी कौतुकाने बाईंना बोलावलं होतं. पोरीच्या हपिसातल्या मोठ्या बाई आल्या की आपली बाजू जड होईल, असा त्यांचा हिशेब. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील म्हणाले, "नोकरीचं काय ते लग्नानंतर बघूच."

"बघूच म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

माझे वडील हळूच म्हणाले, "बाई, तुमी जरा चाय घ्या ना."

"घेतला. धन्यवाद." बाई मुलाकडे वळल्या. "ही नोकरी सोडणार असं तुम्ही धरलंय, की करणार असं धरलंय?"

मुलगा गडबडला. कान लाल झाले. पण खोटं बोलला नाही. "खरं सांगू का, मी काही विचारच केला नव्हता."

"तिला विचारलंत?"

"नाय."

"ती समोरच बसली आहे."

आणि त्याने विचारलं. सगळ्यांच्या देखत, पोह्यांच्या रिकाम्या बशा समोर असताना, त्याने मला विचारलं की तुम्हाला काय करायचंय. मी म्हटलं, मला हे काम सोडायचं नाही. तो म्हणाला, "मग मुरबाडलाच खोली बघावी लागेल. मी तिथून गाडीने जाईन." पाहुण्यांना निरोप देताना माझे वडील पुटपुटले, "ह्या बाईला परत बोलवायची नाय." लग्नात मात्र त्यांनी बाईंना पहिल्या रांगेत बसवलं.

बाईंचं असं सगळं मला तोंडपाठ झालं होतं. मी घरी त्यांची नक्कल करायचे. पण तोंडपाठ होणं आणि कळणं यात किती अंतर असतं, ते मला शहापूरच्या गाडीच्या कामाने शिकवलं.

शहापूरला एक लहानशी संस्था होती, तिचं नाव सांगत नाही. त्यांच्याकडे दोन जीपगाड्या होत्या. शहापूर आणि मुरबाडच्या डोंगरातल्या पाड्यांवरून अडलेल्या बायकांना, आजारी माणसांना दवाखान्यात आणायचं आणि घरी सोडायचं, हे त्यांचं काम. आधी सगळं फोनवर चालायचं, घोटाळे व्हायचे. त्यांना मोबाइलवर उघडेल असं एक साधं पान हवं होतं. गावोगावच्या आशाताईंनी, म्हणजे आरोग्य खात्याच्या स्वयंसेविकांनी, त्यात पेशंटचं नाव, पाडा, तालुका भरायचा, बटण दाबायचं, की ड्रायव्हरच्या मोबाइलवर निरोप जायचा. बाईंनी हे काम पूर्णपणे माझ्यावर सोपवलं. मी पहिल्यांदाच एखादं काम एकटीने करत होते.

आम्ही प्रोग्रॅम जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहायचो. त्यात फंक्शन म्हणजे एकदा लिहून ठेवलेलं काम. त्याला हवी ती माहिती द्यायची, ते आपलं काम करून देतं. एखादी माहिती दिलीच नाही तर काय धरायचं, हेही आधी लिहून ठेवता येतं. त्याला डिफॉल्ट म्हणतात. ड्रायव्हरचा निरोप तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये मी लिहिलं की तालुका दिला नाही तर शहापूर धरावा. संस्था शहापूरची, बहुतेक फोन तिकडचेच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तालुका न देता फंक्शन चालवून पाहिलं, शहापूर आलं. छान.

पान सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा फोन आला. "मॅडम, निरोप येतो पन तालुक्याच्या फुडं काय नसतं. कोरंच."

मी पुन्हा चालवून पाहिलं. माझ्या कॉम्प्युटरवर शहापूर येत होतं. मोबाइलवरून पान भरलं, तर कोरं. तेच फंक्शन, तीच ओळ. दीड दिवस मी त्या एका ओळीकडे बघत बसले होते. स्पेलिंग तपासलं, ब्राउझर बदलला, सगळं पुसून नव्याने लिहिलं. बाई शेजारी बसून त्यांचं काम करत होत्या. त्यांना कळलं होतं, हे मला त्यांच्या गप्प राहण्यावरूनच समजत होतं. शेवटी मी रडकुंडीला आले तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्याकडे ब्लँक कॉल यायचे. घंटी वाजायची, आम्ही उचलायचो, पलीकडे कोणी बोलायचं नाही. त्याला कॉल आला म्हणायचं की नाही आला?"

"आला."

"आणि घंटी वाजलीच नाही तर?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी कॉम्प्युटरवर तपासताना तालुका देतच नव्हते. पण आशाताई पानावरचा रकाना रिकामा सोडायची तेव्हा फंक्शनला काहीच मिळत नव्हतं असं नव्हे. त्याला एक रिकामी ओळ मिळत होती, आत एकही अक्षर नसलेली. फंक्शनच्या हिशेबाने तालुका दिलेला होता, म्हणून ते डिफॉल्टकडे वळतच नव्हतं. न बोलणारा आणि न आलेला, ही त्याच्या लेखी दोन वेगळी माणसं होती.

दुसऱ्याच दिवशी बाई म्हसा गावच्या जत्रेला गेल्या. दर वर्षी जायच्या. ना शेत, ना गोठा, पण दोन दिवस बैलबाजारात हिंडायच्या आणि प्रत्येक मालकाला बैलाचं नाव विचारायच्या. जाताना मला म्हणाल्या, "कळलं ना?" मी म्हटलं, "कळलं. आज करून टाकते."

आणि मी करून टाकलं. जावास्क्रिप्टमध्ये दोन उभ्या रेघांची एक खूण आहे. ती टाकली की डावीकडचं रिकामं असेल तर उजवीकडचं घेतलं जातं. तालुका, दोन उभ्या रेघा, शहापूर. एका ओळीचं काम. आता रकाना रिकामा आला तरी निरोपात शहापूर छापलं जाऊ लागलं. ड्रायव्हरचा पुन्हा फोन आला नाही. बाई परतल्या, "झालं?" म्हणाल्या, मी "झालं" म्हटलं. मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

दोन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, ड्रायव्हरचा फोन आला.

"मॅडम, मी पिंपळवाडीत हाय. इथं कोन बाळंतीन नाय वो. अख्खी वाडी फिरलो."

वाडीचं खरं नाव वेगळं आहे, मी इथे पिंपळवाडी म्हणते. मी निरोप उघडला. मंजुळा, पहिली खेप, कळा सुरू. पिंपळवाडी, तालुका शहापूर. खाली आशाताईचा नंबर. तो लागत नव्हता. मी पान भरल्याची नोंद उघडली. तालुक्याचा रकाना रिकामा होता.

भिंतीवरच्या नकाशाकडे बघायचीही गरज नव्हती, मी तालुक्यातलीच आहे. मुरबाड तालुक्यातही एक पिंपळवाडी आहे, टोकावड्याच्या वर, रस्त्यापासून आत. तिथे रेंज नसते. टेकडीवर चढून फोन करायचा आणि खाली उतरायचं. जीप जिथे उभी होती तिथून टोकावडं गाठायला दीड तास तरी लागणार होता.

"बाई," मी म्हटलं, "गाडी चुकीच्या तालुक्यात गेली."

बाईंनी काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. फक्त पेशंटचं नाव, वाडी आणि निरोपाची वेळ विचारली. मग फोन उचलला. संस्थेची दुसरी जीप आणि सरकारी गाडी, दोन्ही दुसऱ्या पेशंटना घेऊन आधीच निघालेल्या होत्या. बाईंनी खणातून डायरी काढली आणि टोकावड्याच्या रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्याला लावला. त्याच्या वडिलांचे ट्रंक कॉल त्यांनी कधीकाळी जोडले होते, तेव्हापासूनची ओळख.

"नमस्कार. मी मुरबाडहून बोलतेय. तुमची व्हॅन आत्ता ढाब्यावर उभी आहे का? चालू आहे? गाडी चालवणारं कोणी आहे? मग ऐका. टोकावड्याच्या वरची पिंपळवाडी. मंजुळा नावाची मुलगी. कळा सुरू आहेत. पिंपळवाडी कुठली म्हणालात? परत सांगा. बरोबर."

त्या आवाजात घाई नव्हती. पलीकडच्याकडून वाडीचं नाव त्यांनी तीनदा वदवून घेतलं. मग मुरबाडच्या दवाखान्यात फोन करून नर्सला कळवलं. मग ड्रायव्हरला सांगितलं की तू आता तिकडे जाऊ नकोस, शहापूरलाच थांब, दुसरा निरोप आला तर गाडी हवी. मी नुसती उभी होते. पुढचे दोन तास आम्ही दोघी फोनजवळ बसून होतो. खालचा चहावाला चहाचं विचारायला वर आला आणि आमचे चेहरे बघून परत गेला.

दीडच्या सुमारास नर्सचा फोन आला. मुलगी झाली. व्हॅन दवाखान्याच्या फाटकातून आत आली आणि वीस मिनिटांत झाली. दोघी ठीक आहेत.

मी खुर्चीत बसले आणि रडले. मग वही ओढली. जे मी केलं होतं ते लिहायचंच होतं. पान उघडलं तर त्यावर बाईंच्या अक्षरात आधीच एक ओळ होती. मी रडत असताना त्यांनी ती लिहिली असावी. "ती झालं म्हणाली. काय झालं, ते मी विचारलं नाही."

मी म्हटलं, "बाई, चूक माझी आहे."

"तुझी तू लिही," त्या म्हणाल्या. "ही माझी आहे."

चार दिवसांनी मंजुळा घरी गेल्याचं कळलं तेव्हा बाई म्हणाल्या, "तिकडे जायचं का?" मला जायचं नव्हतं. भीती वाटत होती. पण त्या विचारत होत्या आणि उत्तराची वाट बघत होत्या, आणि मला "नाही" म्हणवेना. टोकावड्यापर्यंत एसटी, पुढे चालत. पिंपळवाडीत आठ-दहा घरं. मंजुळा ओटीवर बाळाला घेऊन बसली होती, फार तर वीस वर्षांची. तिच्या सासूने आम्हाला गूळपाणी दिलं. मी जे झालं ते सगळं सांगितलं. गाडी उशिरा आली ती माझ्यामुळे, हे स्पष्ट म्हटलं. सासूला त्यातलं कॉम्प्युटरचं काही कळलं नसावं. ती म्हणाली, "पोर धड हाय ना. तुमी चालत आलात, बसा."

आशाताई मात्र बसली नव्हती. ती दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आमचा तालुका आमाला म्हाईत हाय. आमाला वाटलं तुमाला बी असंल. म्हनून नाय भरला. पन मी सांगितलं नाय, तर तुमी आपल्या मनानं शहापूर कशाला लिवलंत? नाय सांगितलं तर इचारायचं ना."

मी मान खाली घातली. शेजारी बघितलं तर बाईंचा चेहरा फुलला होता. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिला नव्हता. "ताई, तुम्ही शिकवता का कुठे?" त्यांनी विचारलं. आशाताईला वाटलं या आपली चेष्टा करतायत. तिला पटवायला बाईंना बराच वेळ लागला.

परत येऊन मी त्या दोन उभ्या रेघा पुसल्या. मूळचं डिफॉल्टही काढलं. तालुका आला नाही, किंवा रिकामा आला, तर निरोप जायचाच नाही, पान थांबायचं आणि विचारायचं. संस्थेच्या साहेबांना ते आवडलं नाही. एक बोट जास्त दाबावं लागतं, शहापूरच्या आशाताई कुरकुरतात, आधीसारखं करून द्या, असं ते फोनवर म्हणाले. आता बाई बोलतील म्हणून मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही.

मग मीच बोलले. म्हटलं, "साहेब, ज्यांना जास्त बोट दाबायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी मी सोपं करते. तालुका लिहायलाच नको. वाडीचं नाव टाकलं की त्या नावाच्या जेवढ्या वाड्या असतील तेवढ्या खुणेसकट समोर येतील. टोकावड्याच्या वरची, शाळेजवळची, अशा. आपली निवडायची. पण निवडल्याशिवाय गाडी निघणार नाही." साहेब म्हणाले, "त्या खुणा कोन गोळा करनार?"

ते काम बाईंनी मागून घेतलं. एसटीचा पास काढला आणि त्या वाडीवाडीवर हिंडू लागल्या. सकाळी निघायच्या, उन्हं उतरता परत यायच्या, आणि कागदांवर नावं. एका नावाच्या तीन वाड्या, एका वाडीची दोन नावं, कागदावरचं एक आणि माणसांच्या तोंडचं दुसरं. "तुम्ही तुमच्या वाडीला काय म्हणता?" हा प्रश्न त्यांनी किती ओट्यांवर बसून विचारला असेल कोण जाणे. लोक आधी हसायचे, मग एकमेकांशी वाद घालायचे, मग जेवायला थांबवायचे. पिंपळवाडीच्या आशाताईने त्यांच्याबरोबर चार दिवस रजा काढून पायपीट केली. दोन वर्षांत गाडी चुकल्याचा एकही फोन आला नाही. बाईंचा चेहरा उन्हाने काळवंडला आणि त्या दहा वर्षांनी लहान दिसू लागल्या. खोलीतलं काम हळूहळू माझ्याकडे आलं. कोणी तसं ठरवलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. बाई समोरच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ही खोली आणि इथली कामं तू घेशील का?"

मी चक्रावले. माझा नवरा, माझे वडील, खालचा चहावाला, सगळे कधीपासून म्हणत होते की हे सगळं शेवटी माझंच होणार. मीही मनातल्या मनात भिंतींना रंग देऊन ठेवला होता. म्हटलं, "बाई, आणखी कोणाला देणार होता?"

"तू नाही म्हणालीस तर बघितलं असतं."

त्या गंभीर होत्या. मला आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं की आजवर शाळा, कॉलेज, लग्न, कशातच मला कोणी असं विचारलं नव्हतं, एक तो पोह्यांचा दिवस सोडला तर. नाही म्हणायची जागा ठेवून विचारलेलं. मी एक दिवस मागून घेतला. घरी जाऊन नवऱ्याशी बोलले, रात्रभर झोपले, सकाळी उठून पुन्हा विचार केला. उत्तर तेच होतं, पण आता ते माझं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं, घेते. त्यांनी मान हलवली. किल्ल्या टेबलावर ठेवल्या, कपाटातलं काय कुठे आहे ते दाखवलं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी घातलं ते सांगितलं. मग पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या.

"उद्या मी येऊ का?"

मला हसू आलं. हे काय विचारणं झालं, असं ओठांवर आलं होतं. पण त्यांच्याकडे बघितलं आणि हसू गिळलं. त्या खरंच विचारत होत्या. एवढी वर्षं ज्या खोलीचं कुलूप त्यांनी रोज उघडलं, तिच्या उंबऱ्यावर उभ्या राहून, माझं उत्तर काय येईल ते माहीत नसल्यासारख्या वाट बघत होत्या.

"या, बाई," मी म्हटलं. "मला तुम्ही इथे हव्या आहात."

बाईंनी पिशवीचा बंद नीट केला.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.